थोरलीवर ठेवलेला हात

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, देवळात हात जोडून उभा असतो तेव्हा देवालाही नाही — तिथेही मी पीकपाण्याचं आणि मुलीच्या परीक्षेचं बोलतो आणि घाईने बाहेर पडतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. ओळखणाऱ्यांमध्ये माझं नाव चांगलं आहे. लोणावळ्याजवळच्या आमच्या औंढ्यात मला 'आबांचा बबन' म्हणतात. असं कुणी म्हटलं की मी मान खाली घालतो, आणि लोकांना वाटतं, किती साधा माणूस.

सुरुवात आबांपासूनच करावी लागेल.

आबा म्हणजे तोमासो. इटलीचे. दगड घडवायचे आणि संगीत रचायचे — दोन्ही. वडील तिकडे थडग्यांचे दगड कोरायचे, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. आबा म्हणायचे, पाळण्यात असताना एका कानाला छिन्नी होती आणि दुसऱ्याला ऑर्गन, मग माझं दुसरं काय होणार? तरुणपणी त्यांनी संगमरवरात माणसं कोरली, चर्चमध्ये गाणाऱ्यांसाठी चाली बांधल्या, नावही बरंच झालं म्हणतात. मला त्यातलं फार कळत नाही. लोणावळ्याला ते आले ते पाठीच्या दुखण्यापायी, महिनाभर योगासनं करायला. एक दिवस डोंगरात फिरताना शेळ्या वळणाऱ्या एका म्हातारीची काठी दगडावर आपटली आणि तो दगड वाजला. खणखणीत. आमच्या डोंगरात असे काळे दगड आहेत, आम्हाला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आबा तिथेच खाली बसले म्हणे. महिनाभरासाठी आलेला माणूस सतरा वर्षं राहिला.

गावाने त्यांचं आधी 'तोमाशेठ' केलं, कारण गोरा माणूस बंगला घेऊन राहतो म्हणजे शेठच. त्यांना ते आवडायचं नाही. पुढे दाढी पांढरी झाली आणि आपोआप 'आबा' झालं. मराठी ते शेजारपाजारच्या बायकांकडून शिकले, त्यामुळे 'हितं ठोक, तितं नगं' असं अस्सल मावळातलं बोलायचे आणि पुण्याहून आलेले पाहुणे एकमेकांकडे बघत राहायचे.

मी त्यांना भेटलो ते लोणावळ्यात. आमचं घर जाती, पाटे-वरवंटे घडवणाऱ्यांचं. वडील गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावायचे, म्हणजे गुळगुळीत झालेलं जातं छिन्नीने पुन्हा खरखरीत करून द्यायचे. माझ्यापर्यंत जाती संपली. मी स्वयंपाकाच्या ओट्यांचं ग्रॅनाइट कापत होतो. फरशी कापायच्या आधी तिच्यावर बोटाने टकटक करून कान द्यायचो. वडिलांची सवय — आत चीर असली तर दगड सांगतो. आबांनी ते पाहिलं आणि विचारलं, काय ऐकतोस? मी म्हटलं, खोट हाय का न्हाई ते. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याकडे कामाला. मला त्यांनी घेतलं ते माझ्या या कानासाठी. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अकरा वर्षांत आम्ही बारा दगड घडवले. लांब पट्ट्यांसारखे, आडवे, प्रत्येक दगड दोन लाकडी ठोकळ्यांवर, ठोकळ्यांना काथ्याची दोरी गुंडाळलेली, म्हणजे दगड मोकळा वाजतो. लाकडी मोगरीने ठोकायचं. टोकाकडून दगड काढला की आवाज चढतो, मधून पातळ केला की उतरतो. आणि जास्त काढला तर गेला, तो परत चिकटवता येत नाही. आबा सकाळी चार टवके काढायचे आणि दिवसभर नुसते ऐकत बसायचे. पहिल्या वर्षी मला वाटलं, या माणसाला काही काम नाही. दुसऱ्या वर्षी मीही ऐकत बसू लागलो.

नावं मी ठेवली त्या दगडांना. धाकटी, नकटी, मावशी — आणि सगळ्यांत मोठी ती थोरली. तिचा खर्ज लागला की शेडचे पत्रे थरथरायचे. औंढ्याच्या मागच्या ओघळीत ती आम्हाला सापडली, ट्रॅक्टरने ओढून आणली आणि तिला घडवायला तीन वर्षं गेली. बाकीच्या अकरा तिच्या आवाजावरून लावलेल्या. आबांनी या बाराजणींसाठी एक मोठी रचना लिहिली होती. तिच्यात थोरली फक्त सात वेळा वाजायची. 'बाकीच्या तिची वाट बगत्यात,' असं ते म्हणायचे. थंडीत पुण्याहून वाजवणारे येणार होते, रचना पहिल्यांदाच लोकांपुढे होणार होती. रोज सकाळी आबा मोगरी घेऊन धाकटीपासून थोरलीपर्यंत एकेक ठोका द्यायचे. सगळ्यांना उठवतो, म्हणायचे.

मी इकडचं तिकडचं सांगतोय ना? कळतंय मला. अजून दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

एक म्हणजे आबांची बोटं. पन्नास वर्षं हातोडा-छिन्नी चालवून बोटांतला जीव गेला होता. चहा गरम आहे की गार, ते मला विचारायचे. शर्टाची बटणं मी लावून द्यायचो आणि वर 'नवरदेव तयार' म्हणून चेष्टा करायचो. दुसरी गोष्ट म्हणजे कान. त्या पावसाळ्यात त्यांच्या डाव्या कानात गुणगुण सुरू झाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन्ही कानांना खालच्या पट्टीचे आवाज ऐकू येणं कमी होत जाईल, पण हळूहळू, बरीच वर्षं आहेत. आबा हसून म्हणाले, तवर काम हुतंय. पण त्या दिवसानंतर ते वरचेवर मान वाकडी करून काहीतरी ऐकत उभे राहायचे. घाबरले होते. मला दिसत होतं.

तर — श्रावणातला रविवार. आबा पुढच्या तपासण्यांसाठी पुण्याला गेलेले, सोमवारी येणार. आणि देहूरोडहून माझा मेव्हणा बायकापोरांना घेऊन आला. तो डेपोत कायम नोकरीला. तसा वाईट नाही, पण आल्या आल्या एक वाक्य ठरलेलं असायचं — 'काय दाजी, अजून दगूडच फोडताय का?' एरवी मी हसून सोडून द्यायचो. त्या दिवशी नाही सोडलं. त्याला शेडमध्ये नेलं. हे सगळं माझ्या हाताखाली चालतं, म्हणालो. आबांचं नावसुद्धा घेतलं नाही. मोगरी उचलली आणि थोरलीला ठोका दिला. मेव्हण्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू? ते बरं वाटणं अजून अंगात आहे, जात नाही.

मग पोरांना कणसं हवी झाली. बाहेर पाऊस, घरात पाहुण्यांची दाटी, शेडपुढची जमीन ओली. मी म्हटलं, हितंच बसू. शेडमध्ये विस्तव आणायचा नाही, हा आबांचा एकच नियम. अकरा वर्षांत दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली नव्हती. शेगडी ठेवायला कोरडी, सपाट, कमरेएवढी जागा कोणती? थोरली. तिच्या एका टोकाला मी कोळशाची शेगडी ठेवली. जाळी तुटकी, निखारे खाली दगडावर पडत होते. कणसं भाजली, लिंबू-मीठ-तिखट लावलं, दोन-अडीच तास गप्पा रंगल्या. मेव्हणा 'साहेब' म्हणाला मला, चेष्टेत का होईना. संध्याकाळच्या लोकलची वेळ होत आली तसा घाईने उठलो आणि बादली ओतली.

आता ऐका. माझे वडील विहिरीत काळा खडक लागला की त्याच्यावर दिवसभर लाकडं जाळायचे आणि खडक तापला की वरून पाणी सोडायचे. खडक आपोआप उलायचा. पाण्याच्या घागरी द्यायला मी असायचो. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. या गावात ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

टच् — असा बारीक आवाज झाला. मेव्हणा म्हणाला, 'काय वाजलं ओ दाजी?' मी म्हटलं, निखारा असंल.

सोमवारी उजाडताच शेडमध्ये गेलो. काजळी नारळाच्या शेंडीने घासून काढली. चीर दिसत नव्हती, डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. बोटाने टकटक केलं. मग मोगरी घेतली. बद्द. परत ठोकलं. बद्द. तेवढ्यात माझी बायको सुमन चहा घेऊन आली, दारातच थांबली. म्हणाली, 'अवो, ही थोरली अशी का बोलतिया? फुटक्या माठावानी.' आयुष्यभर टिचकी मारून माठ घेतलेली बाई, तिला काय कुणी शिकवायचं? मी तिच्यावर खेकसलो. 'तुला काय कळतंय त्यातलं? गप घरी जा.' ती गेली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. तिला किती कळलं, हे मी विचारलं नाही, आणि बारा माणसांच्या स्वयंपाकाला न थकणारी ही बाई त्या दिवसापासून शेडमध्ये मात्र पाऊल टाकत नाही.

मी सांगणार होतो. यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. वाक्य तयार होतं — आबा, माझ्या हातून थोरली गेली. दुपारपर्यंत तोंडातल्या तोंडात घोकत होतो. आबा आले ते तडक शेडमध्ये, छत्रीसुद्धा मिटली नाही. सकाळचं उठवणं राहिलं होतं. धाकटी वाजली. नकटी, मावशी, एकेक करत अकराही वाजल्या. मी खांबाला टेकून उभा. मग थोरली.

बद्द.

त्यांनी दगडाकडे बघितलंच नाही. त्यांचा हात कानाकडे गेला.

कळतंय का तुम्हाला, काय झालं ते? मला सुटका दिसली. मी मागितली नव्हती, त्यांनी आपणहून दाखवली. ते म्हणाले, 'बबन, तुला काय ऐकू आलं?' आणि मी म्हणालो, 'नेहमीचंच, आबा.'

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही. भीतीने एक शब्द तोंडातून गेला, तो पुढच्या क्षणी परत घेता आला असता. मला सांगायचंय ते याच्या नंतरचं आहे.

आबांनी आपला तळवा थोरलीवर ठेवून ठोकलं. मान हलवली. 'माज्या हाताला जीव न्हाई,' म्हणाले. 'तुजा हात दे.' माझा उजवा हात धरून त्यांनी थोरलीच्या मधोमध ठेवला, वर आपला हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने मोगरी मारली. थोरली वाजायची तेव्हा तो थरथराट तळव्यातून कोपरापर्यंत चढायचा. ज्याने एकदा अनुभवला तो विसरणार नाही. त्या दिवशी माझ्या हाताखाली काही हललं नाही. गार दगड. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते, अगदी जवळून, डॉक्टर काय सांगतात याची वाट बघणारा माणूस बघतो तसे. विचारलं, 'लागतंय?'

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. आणि म्हणालो, 'लागतंय, आबा. पार कोपरापत्तुर.'

कोपरापत्तुर! नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. खोटं सजवून द्यायची काय गरज होती?

आणि त्यांचा चेहरा — त्यांचा चेहरा उजळला हो. हे मला सहन होत नाही. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, 'मंग दगूड बरा हाय. दगूड बरा हाय तर बरं.' स्वतःचा कान गेला असं समजूनही त्यांना थोरलीचं समाधान वाटलं.

तुम्ही विचाराल, एवढा जाणता माणूस, त्याने भिंग घेऊन दगड का नाही तपासला? कारण खोट तपासायचं काम माझं होतं. मी तपासलेलं ते पुन्हा तपासायचे नाहीत. एकदा मात्र जवळ आले होते. तीन-चार दिवसांनी ओट्यावर बसलेले असताना घाटात मालगाडी चढत होती, मागून इंजिनं लावलेली, तिचा घरघराट येत होता. आबा बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, 'गाडी ऐकू येती. थोरली न्हाई. असं का, बबन?' मी शेंगा सोलत होतो. वर न बघता म्हणालो, 'गाडी लय मोठी, आबा.' त्यांनी मान डोलावली. मला एवढ्या चटकन उत्तरं कुठून सुचत होती?

पुण्याच्या लोकांना त्यांनी कळवून टाकलं, येऊ नका. रचनेचे कागद पेटीत ठेवले. ज्याला खर्ज ऐकू येत नाही त्याने खर्ज लिहू नये, एवढंच बोलले. पेटी बंद करायला मीच मदत केली. थंडी सरायच्या आत ते भाचीकडे इटलीला गेले. निघताना मोगरी माझ्या हातात दिली. 'रोज सगळ्यांना उठव. थोरलीला इसरू नगं. मला न्हाई ऐकू येत, तुला येतं.'

दर रविवारी त्यांचा फोन यायचा. चार वर्षं. भाचीचं नवीन बाळ, तिकडची थंडी, माझी मुलगी काय शिकते — आणि शेवटी एकच प्रश्न, आज वाजली का? वाजली, आबा. भाची मोडक्या इंग्रजीत सांगायची की मामा घरात गाणं लावू देत नाहीत, बाळाला झोपवतानासुद्धा गुणगुणत नाहीत. मी ऐकून घ्यायचो. किती रविवार झाले असतील? प्रत्येक रविवारी सांगता येत होतं. चार शब्दांचं काम होतं. कान बरा आहे आबा, दगड फुटलाय. तेवढ्यावर त्या माणसाने कदाचित दुसऱ्या दिवशी कागद मागवले असते. मागच्या थंडीत भाचीचा फोन आला, आबा गेले म्हणून, तेव्हा मला आधी काय वाटलं माहीत आहे? सुटलो, असं वाटलं. रडू नंतर आलं.

सुटलो नाही. शेड आता गावाच्या ताब्यात आहे, किल्ली माझ्याकडे. रोज सकाळी मी बाराजणींना उठवतो, कारण शब्द दिलाय. अकरा वाजतात आणि बाराव्या ठोक्याला हात जड होतो. घरात सुमनच्या हातून झाकण पडलं तरी मी दचकतो. पिठाच्या गिरणीत भिंतीला हात लागला की भिंत थरथरत असते, ते थेट कोपरापर्यंत चढतं, आणि मी हात काढून घेतो. दळण आणायला आता मुलगी जाते. तिला वाटतं, बाबांना पिठाची धूळ सोसत नाही.

गेल्या महिन्यात पुण्याहून संगीत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. आबांच्या कामाचा अभ्यास करतात. पेटीतले कागद मी त्यांना दाखवले, त्यांनी दगड एकेक करून वाजवले, वहीत लिहून घेतलं. थोरलीपाशी थांबल्या. 'ही फुटलीय,' म्हणाल्या. 'कधीपासून?'

पुन्हा तेच दार. एवढ्या वर्षांनी. आणि आबा आता नव्हते, ज्यांची भीती वाटावी असं कुणी उरलं नव्हतं. मी म्हणालो, 'पहिल्यापासूनच आहे तशी. आबांच्या वेळची.'

बाईंना वाईट वाटलं. आठवड्याने त्यांनी शेडवर लावायच्या पाटीचा मजकूर माझ्या मोबाइलवर पाठवला. त्यात आबांचं गाव होतं, संगमरवर होता, औंढ्याची सतरा वर्षं होती. शेवटी लिहिलं होतं की उतारवयात त्यांची श्रवणशक्ती मंदावली, त्यामुळे मुख्य शिळा फुटकी असल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि तिच्यावर आधारलेली ही अखेरची रचना म्हणूनच वाजवता येत नाही. खाली विचारलं होतं — तुम्ही त्यांच्या सर्वांत जवळचे, हे बरोबर आहे ना? मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. पाटी आली. तिचे खिळेही मीच ठोकले. रविवारी भटकायला आलेली माणसं ती वाचतात आणि 'अरेरे' म्हणतात.

पाटीवर लिहिलंय ते खोटं आहे. थोरली फुटली आहे हे आबांना पहिल्याच ठोक्याला ऐकू आलं होतं. कान बरोबर होता. ती मी फोडली. त्यांनी मला विचारलं, माझा हात दगडावर ठेवून विचारलं, आणि हाताखाली काही हललं नव्हतं.